केटिलने मेंढीला दिलेलं नाव

केटिलला मरायला दुसरा महिना मिळाला नाही. सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आणायच्या असतात, आणि हा माणूस ऑगस्ट संपता संपता, अर्धवट वाळलेलं गवत रानात तसंच टाकून, सकाळची कॉफी पिता पिता गेला. तब्येत ठणठणीत. आदल्या संध्याकाळी माझ्या दारात उभा राहून सांगून गेला होता, "ग्रोआ, तुझं कुंपण उद्या नीट करून देतो." असे 'उद्या' त्याने मला आयुष्यभर दिले. कुंपण अजून तसंच आहे.

आमची शेतं एकाच ओढ्याच्या दोन काठांना. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे त्याची बायको गेली, माझा नवरा गेला, आणि त्यानंतरची सगळी वर्षं आम्ही एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसून भांडण्यात घालवली. दोन शेतांमधलं फाटक त्याने जन्मात कधी लावलं नाही. "मेल्या, फाटक!" म्हणून माझा घसा बसायचा, पण पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या मेंढ्या त्याच्या गवतात शिरल्या की वर मलाच ऐकवायचा, "तुझ्या मेंढ्यांना काही वळण नाही गं."

फाटकाचं एक वेळ मी सोडून देईन, पण त्या मेंढीचं नाही सोडणार.

आमच्या भागात नशीबवान माणसाच्या कळपात एखादी म्होरकी मेंढी असते. लांब पायांची, सडपातळ, डोक्याने तल्लख. हिमवादळात माणसाला स्वतःचे हात दिसत नाहीत तेव्हा ती पुढे होते, आणि बाकीच्या तिच्यामागून घरी येतात. केटिलकडे अशी एक होती, काळीभोर, कपाळावर पांढरा पट्टा. तिचं नाव त्याने ग्रोआ ठेवलं. चक्क माझं नाव! ती मेल्यावर तिच्या लेकीचं नाव ग्रोआ, आणि आता त्या लेकीच्या लेकीचंही तेच.

दरवर्षी मेंढ्या खाली आणताना हा सगळ्या गावादेखत ओरडायचा, "ग्रोआऽऽ! ये गं बये, कॉफी गार होतेय!" की लोक खिदळलेच. मी त्याला फैलावर घेतलं होतं.

"माझंच नाव बरं सापडलं तुला?"

"कुणाचं ऐकत नाही ना ती."

"बदल ते."

"तिला सवय झालीय आता. तुला आवडत नसेल तर तू बदल."

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

यंदा डोंगरातून निघायच्या दिवशीच बर्फ सुरू झालं. त्याची आणि माझी सगळी मेंढरं मिसळून नदीच्या पलीकडे अडकली. अलीकडे आम्ही तिघं. मी, राजधानीतून, रेक्याविकहून आलेली केटिलची लेक उना, आणि ब्रांदुर. मेंढ्या आणायच्या मोहिमेचा मुख्य तो, म्हणून त्याला सगळे डोंगरचा राजा म्हणतात. म्होरकी पाण्याच्या काठावर वाऱ्याकडे तोंड करून उभी होती आणि पाय हलवायला तयार नव्हती. ती पाण्यात उतरल्याशिवाय बाकीच्या उतरणार नव्हत्या. ब्रांदुरने कुत्रा पाठवला, तिने त्याला शिंगावर घेतलं. उनाने हाका मारल्या, पण पाहुण्यांना जेवायला बोलवावं तशा.

"ग्रोआ, तू मार हाक," ब्रांदुर मला म्हणाला.

"मी? माझ्याच नावाने?"

"त्याच्यासारखी हाक दुसऱ्या कुणाला येणार? एवढी वर्षं ऐकतेयस."

"मेला तरी माझी फजिती करायची सोय करून गेला बघ!"

"मावशी, बर्फ वाढतंय," उना रडकुंडीला आली होती. "ही मेंढरं गेली तर बाबांच्या शेतावर राहणार काय? विकावंच लागेल मला."

मी घोड्यावरून उतरले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्याच्यासारखाच घोगरा आवाज काढून ओरडले, "ग्रोआऽऽ! ये गं बये, कॉफी गार होतेय!"

कुणीही हसलं नाही. मेंढीने मान वर केली, जरा वेळ ऐकलं आणि सरळ पाण्यात पाय घातला. तिच्यामागून एकेक करत सगळा कळप उतरला. अलीकडे येऊन ती माझ्यापुढे थांबली. तिने मला हुंगलं आणि मग माझ्या पाठीमागे बघत राहिली. मीही मूर्खासारखं मागे वळून पाहिलं.

पुढची वाट आम्हाला दिसत नव्हती. तिच्या गळ्यातल्या घंटेमागून आम्ही माणसंही मेंढरांसारखी चालत होतो.

"असली मेंढी नशिबाने मिळते," ब्रांदुर घोडा माझ्याजवळ आणत म्हणाला. "उगीच का त्याने तिला तुझं नाव दिलं!"

"चेष्टा करायला दिलं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, धुक्यात वाट चुकल्यावर माणूस जिच्या भरवशावर घरी येतो, तिला कुणी चेष्टेने नाव देतं का?"

"मग इतक्या वर्षांत एकानेही मला हे सांगितलं का नाही?"

"तुला ठाऊक असेल असंच वाटायचं सगळ्यांना."

मला इतका संताप आला! एवढं एक वाक्य त्या माणसाला तोंडाने बोलता येत नव्हतं? रोज माझ्या स्वयंपाकघरात बसून माझी बिस्किटं संपवायला बरं तोंड होतं.

खाली आल्यावर उनाने म्होरकीचं यंदाचं कोकरू पुढे आणलं. नर होता, आईसारखाच काळा.

"याचं नाव ठेवायचं बाबांकडून राहूनच गेलं. काय ठेवू?"

"केटिल," मी म्हटलं. "बघू दे त्यालाही, कसं वाटतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी ठेवली आणि खिडकीतून बघते तो मधलं फाटक सताड उघडं, आणि ते कोकरू माझ्या गवतात. मी खिडकी उघडून ओरडले, "केटिल! मेल्या, फाटक!"

त्याच्या दफनाला मी रडले नव्हते. त्या सकाळी मात्र खिडकी तशीच उघडी टाकून मी खाली बसले आणि कॉफी गार होईपर्यंत रडले.