बडनेऱ्याला सुटलेली गाडी

कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. लिहिण्याची धिटाई करतो आहे, चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

आज शेजारी कुणी संत्रं सोललं आणि त्या वासानं मला पुन्हा बडनेरा स्टेशनवर नेऊन बसवलं. अकोल्याहून येऊन तिथे अमरावतीची गाडी धरायची होती. मध्ये थोडाच वेळ होता. अमरावतीच्या वसतिगृहात मोफत जागा एकच होती आणि मुलाखतीला आमच्या गावातून दोघे निघालो होतो, मी आणि पाटलांचा वसंता. मी पहिल्यांदाच रेल्वेत बसलो होतो.

"वसंता, पुलावरून जा लागते काय?" मी विचारलं.

"काहून घाबरतं बे? गाडी येथंच येते. बस निवांत, मी पाणी पिऊन येतो." सोललेल्या संत्र्याची साल माझ्या हातात देऊन तो गेला.

पलीकडच्या फलाटावरून अमरावतीची गाडी हलली, तेव्हा वसंता खिडकीत होता. त्यानं हातही हलवला.

जागा त्याला मिळाली. ते वर्ष मी लोकांच्या कपाशीत डवरा हाकत काढलं आणि प्रत्येक तासाला त्याचं वाईट चिंतलं. पुढं शिकलो, तरी ते सुटलं नाही.

परवा अकोल्यात त्याचा भाऊ भेटला. "दादा विलायतेले निघाला, मधात बैरूतले विमान बदलवाचं होतं. तिथल्या एकानं सांगतलं, बसा निवांत, येथूनच सुटते. आन् हा बसला! विमान गेलं ना उडून. रातभर बाकावर होता."

"अरेरे," मी म्हणालो. मग बाजारातून एक मोठं संत्रं घेतलं आणि बैरूतच्या त्या अनोळखी माणसाच्या नावानं सावकाश खाल्लं.