बाटलीतलं बीज

आम्ही ढिवर, मासे धरून जगणारे. पाण्यातल्या जिवाशी खेळू नये हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी खेळलोच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी भंडाऱ्याला कॉलेजात होतो, वस्तीतला पहिलाच, म्हणून अक्कल जरा जास्तच आली होती. सरांनी वर्गात सांगितलं, अंतराळात वजन नसतं, तिथं नेलेल्या माशांना वर-खाली कळत नाही, ते गोल गोल पोहतात. मग तिथं अंड्यातूनच निघालेलं पिल्लू कसं पोहेल? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

पावसाळ्यात घरी आलो. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर, तिचा पट्टा सायकलच्या रिंगवर आणि रिंगला बांधलेल्या बाटल्या, नदीवरून आणलेली रोहूची अंडी घालून काठोकाठ पाण्यानं भरलेल्या. चाक हळूहळू फिरत राहिलं की अंड्याला खाली कुठं ते उमजत नाही. झालं घरातल्या घरात अंतराळ. लाइन गेली की हातानं फिरवायचो. आई म्हणाली, "कायले त्या जिवाले फिरवून राहिला? पाप लागते." मी हसलो.

तिसऱ्या दिवशी बाकी बाटल्या नासल्या, एकीत वीसेक पिल्लं जगली. चाक थांबवलं तरी ती एकाच जागी फिरत होती. अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, आनंदही झाला. सोमवारी सरांना दाखवायची होती.

पण आमच्यात माशांचं उरलेलं जिवंत बीज, म्हणजे पिल्लं, घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. मी बाजारातून येईपर्यंत बाबांनी बाटली बोडीत रिकामी केली होती. बोडी म्हणजे आमचा लहान तलाव. सारी वस्ती त्यावर जगायची. "मरून जातीन ना बाबू बाटलीत," ते म्हणाले. त्यानंतर घरी असलो की रोज सकाळी पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, जाऊन पाणी बघायचो. ती फिरणारी पिल्लं बोडीचं काही वाईट करतील, अशी भीती वाटायची.

दिवाळीनंतर बोडीतले मोठे मासे वर आले. तोंडं उघडी, आणि गोल फिरत होते. दोन दिवसांत सारे मेले.

वस्ती पाळीवर जमली. म्हाताऱ्या पंचानं विचारलं, "औंदा बाहेरचं बीज कोणं टाकलं?" मी पुढं झालो, तर बाबांनी मनगट दाबलं. "मी सोडलो," ते म्हणाले. पंचांनी त्यांना बोडीत जाळं टाकायला मनाई केली.

कॉलेजात गेल्यावर सरांनी मला समजावलं, वीस पिल्लांनी तलाव मरत नसतो. चार दिवस आभाळ होतं, पाण्यातली हवा संपली असेल. गुदमरलेले मासे असेच फिरतात. मी मिळेल त्या गाडीनं घरी आलो. बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीवर मजुरीला निघाले होते, ट्रक उभा होता. म्हटलं, "बाबा, चला, पंचांले सांगू. आपल्या बिजानं नाही झालं."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुले पक्कं मालूम हाये?"

सर नुसतं "असेल" म्हणाले होते, तेच मी सांगितलं. मग जन्मभर पाण्यावर राहिलेला तो माणूस जमिनीखाली उतरायला ट्रकात चढला.