बाबांच्या आतड्यातली नक्षी

बाबांच्या मोठ्या आतड्यात गाठ सापडली. ती वरवरची असेल तर दुर्बिणीतूनच काढता येईल, खोल गेली असेल तर पोट उघडून आतड्याचा तुकडा कापावा लागेल, एवढं मला समजलं होतं. हे ठरवणारे डॉक्टर महिन्यातून एकदा हैदराबादहून आदिलाबादला येतात, भारी कॅमेऱ्याची दुर्बीण घेऊन. गाठीवर निळा रंग फवारायचा, प्रकाश बदलायचा आणि तिच्या अंगावरची नक्षी मोठी करून बघायची. नक्षी शाबूत, तर गाठ वरवरची.

त्यासाठी आतडं लख्ख हवं. पोट साफ करायचं औषध घ्या आणि आदल्या दिवसापासून पाणी, नारळपाणी सोडून काही नको, असं मी आईला फोनवर घसा कोरडा होईपर्यंत बजावलं. ती दोघं वांकिडीकडच्या गावात, मी नोकरीपायी आदिलाबादजवळच्या मावल्यात. फोनवरून हुकूम सोडायला मला छान जमतं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी मला पडद्यासमोर बसू दिलं. कॅमेरा आत गेला आणि जिकडेतिकडे ज्वारीचा कोंडा. पाणी मारलं, धुतलं, तरी गाठीवरचा लगदा हटेना. शेवटी त्यांनी हात टेकले आणि पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.

बाहेर आई बाकावर बसली होती. आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे निघताना तिनं बाबांना वाटीभर ज्वारीची आंबील पाजली होती.

"उपाशी मानसाले उंबऱ्याबाहेर कसं काढू?" ती म्हणाली. "आपल्यात नाही काढत. अन् पान्यावानीच तं होती."

मी तिला नको नको ते बोलले. तिचंही खरं होतं, आमच्या घरून रिकाम्या पोटी मांजरही बाहेर पडत नाही. महिनाभर आमचा जीव टांगणीला लागला.

पुढच्या खेपेला मी बाबांना आधीच माझ्याकडे आणून ठेवलं. आतडं अगदी स्वच्छ होतं. निळा रंग पसरला. गाठीच्या कडेला बारीक, एकसारखी नक्षी दिसली, लुगड्याच्या काठासारखी. सुटलो, असं मला वाटलं. मग डॉक्टरांनी कॅमेरा मधोमध नेला. तिथं नक्षी नव्हतीच, नुसती पुसट जागा होती. त्यांनी प्रकाश बदलून पुन्हा पाहिलं.

"महिना वाया गेला म्हणून झालं का?" मी विचारलं.

"नाही. हे जुनं आहे. दुर्बिणीतून निघणार नाही."

आईला मी हे जसंच्या तसं सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. मला तरी कुठं पूर्ण पटलं होतं.

बाबांची गुंगी उतरली तेव्हा मी खाटेशी उभी होते.

"काढली का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. मोठं ऑपरेशन करा लागते."

ते रागावलेले नव्हते.

"काऊन?" ते म्हणाले. "तू तं होती ना तिथं."