बुवाचे पिक्चर आणि अप्पांचं तिकीट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. महेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नाही, आईला नाही, आणि मुलुंडच्या मैत्रिणींना तर नाहीच, त्या दोन मिनिटांत गावभर करतील. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की दुसरंच काही कारण आहे? जाऊ दे. सांगायचंय, एवढंच खरं.

मी घरून काम करते. परदेशी पिक्चरच्या खालच्या ओळी वेळेवर येतात की नाही, ते तपासायचं. चारकोपला सेक्टरमधली आमची दीड खोली, त्यात मी, महेश आणि माझे सासरे. त्यांना मी अप्पा म्हणते. एकदा कामात एका विचित्र दिग्दर्शकाचे आठ-नऊ पिक्चर एकदम आले. त्याचं नाव मला अजूनही धड उच्चारता येत नाही. त्याचे वेडे चाहते म्हणे जगभर आहेत, बाकी कुणी त्याला विचारत नाही. पहिल्याच पिक्चरमध्ये एक बाई एका रिकाम्या खुर्चीला आंघोळ घालते. साबण लावून, पाठ चोळून, तब्बल बावीस मिनिटं. बोलणं जवळजवळ नाहीच. मला वाटलं, आपली फाईलच खराब आलीय.

अप्पा मागे उभे होते, गंजी आणि लुंगीवर, हातात पानाचा डबा. म्हणाले, "घो गेलो आसतलो तिचो. ती तेचीच खुर्ची."

मी मागे वळून बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि मला रडू आलं, खरंच सांगते. बावीस मिनिटं मी खुर्ची बघत होते. त्यांनी नवरा बघितला.

त्यानंतर आमची सवयच झाली. दुपारी जेवणं झाली की अप्पा स्टूल ओढून माझ्या टेबलाशी बसायचे. नाव घेता येईना म्हणून त्या दिग्दर्शकाला त्यांनी 'बुवा' करून टाकलं. "बुवाचो आणखी एक लाव गो." खालच्या इंग्रजी ओळी त्यांना वाचता येत नव्हत्या, आणि त्यांचं काही अडतही नव्हतं. एका पिक्चरमध्ये एक माणूस डोक्यावर दार घेऊन बाजारात फिरतो, लोक ते उघडून त्याच्या आरपार निघून जातात. मी म्हटलं, अप्पा, हे काय आता? तर ते दशावतारावर घसरले. विक्रोळीच्या कारखान्यात असताना तिथल्या मालवणी कामगारांनी दशावताराची कंपनी काढली होती, आणि अप्पा त्यात राणीचं काम करायचे. त्यासाठी मिशी काढायचे. डोळ्यातलं काजळ दोन-दोन दिवस जायचं नाही, मशीनवर सगळे चिडवायचे. रंगमंचावर सामान काय, तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. राजा त्यावर चढला की डोंगर, राणी टेकली की महाल. हे कसं काय, असं कधी कुणी विचारलं नाही, अप्पा म्हणाले. मग ह्या बुवाला तरी का विचारायचं?

मी सांगते तुम्हाला, लग्नानंतरच्या अकरा वर्षांत मला ह्या घरात इतकं मजेत कधी वाटलं नव्हतं. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. शेजारी बसून कुणी माझ्याबरोबर काही बघतंय, हेच मी विसरले होते.

आता खरं सांगायला लागते. अंधेरीला एक ग्रुप आहे, असले पिक्चर बघणाऱ्यांचा. मी त्यात शिरले. सगळी शिकलेली, शांत माणसं, चष्मेवाली, कॉफी पिणारी. मला तिथे धड तोंड उघडता येत नव्हतं. मग एकदा मी ग्रुपवर खुर्चीचं लिहिलं. ती खुर्ची म्हणजे तिचा नवरा आहे, असं. माझं म्हणून लिहिलं. लोक वेडे झाले. मग दाराचं लिहिलं. कुणीतरी विचारलं, तुला हे सुचतं कुठून? मी लिहिलं, असंच, आतून येतं. आतून! शेजारच्या स्टुलावरून येत होतं ते.

पण कबूल करायचं ते हे नाही. हेही वाईटच, पण एवढ्यासाठी मी तुम्हाला बसवून ठेवलं नसतं.

ग्रुपने बुवाचा एक पिक्चर हॉल घेऊन लावायचं ठरवलं. रविवारी दुपारी, मोठ्या पडद्यावर, आणि आधी दहा मिनिटं मी बोलायचं. मी आनंदाच्या भरात अप्पांना सांगून बसले. त्यांचा चेहरा काय फुलला! आपलं तिकीट काढायला सांगितलं. "ह्यो मोठ्या पडद्यार बघूक व्हयो," असं चार दिवस घोकत होते. मी हो म्हटलं. तिकीट काढलंसुद्धा.

आणि मग मला ते हॉलमध्ये दिसायला लागले. म्हणजे मनात. अप्पा पिक्चर गप्प बसून बघत नाहीत, दशावतार कुणी गप्प बसून बघतं का? मध्येच मोठ्याने "आता ह्यो खंय गेलो?" म्हणणार. पानाचा डबा वाजवणार. आणि मी बोलत असताना — हे महत्त्वाचं — मी त्यांचीच वाक्यं बोलत असताना ते समोरच बसलेले असणार.

मला कशाची भीती वाटली? चोरी पकडली जाईल ह्याची? की लुंगीवाला सासरा दिसेल ह्याची? दोन्हीची. पण जास्त दुसऱ्याची. हेच ते, जे मी स्वतःलाही नीट सांगत नव्हते. मला त्यांची लाज वाटली.

रविवारी ते सकाळीच दाढी करून आले. क्रीम रंगाचा शर्ट, इस्त्रीची पँट, पायात बूट घालून साडेबारालाच कॉटवर बसले. महेश मावशीकडे गेला होता. मी हातात फोन धरला आणि म्हटलं, अप्पा, शो रद्द झाला. प्रोजेक्टर बिघडलाय.

"जावंदे," ते म्हणाले. "मेल्यांचां मशीन." मग बूट काढले. शर्ट काढून इस्त्रीच्या घड्या होत्या तशाच पुन्हा घातल्या. मी तिथेच उभी राहून बघत होते. अजूनही म्हणता आलं असतं ना — अहो चला, गंमत केली. अर्धा तास होता माझ्याकडे. मी निळी साडी नेसले, ऑफिसची मीटिंग आहे म्हणून सांगितलं आणि निघाले.

हॉलमध्ये मी झकास बोलले. इतकी झकास की दशावताराचंही बोलून गेले. माझ्या लहानपणी, आमच्या गावी, सागवानी बाकडं, त्यावर राजा चढला की डोंगर. माझं लहानपण मुलुंडला गेलं. दशावतार मी आजवर एकदाही बघितलेला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पर्समध्ये अप्पांचं तिकीट होतं.

ग्रुप त्याचा व्हिडिओ टाकणार, हे मला माहीत होतं. तो विक्रोळीत राहणाऱ्या अप्पांच्या पुतण्याला मिळेल आणि तो कौतुकाने अप्पांना पाठवेल, हे मात्र डोक्यातच आलं नाही. तीनेक आठवड्यांनी मी चहा घेऊन खोलीत गेले, तर फोनमधून माझाच आवाज येत होता. ते कानाशी धरून ऐकत होते. मग समोर धरून बघायला लागले. निळी साडी. मागे मोठा पडदा. मी कप हातात धरून उभी. माझी वाट लागली होती, पण मी हलले नाही.

व्हिडिओ संपला. त्यांनी फोन उशीखाली ठेवला. म्हणाले, "बरां बोललंस." चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "तां बाकडां सागाचां नाय हुतां. फणसाचां हुतां."

बस, एवढंच. प्रोजेक्टरचं विचारलं नाही. महेशला काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ते ओरडले असते तर मी पाय धरले असते, असं मला वाटतं. पण खरं सांगू? ते ओरडले नाहीत, तरी पाय धरता आले असते. मी कप उचलला आणि स्वयंपाकघरात गेले.

ह्याला दोन वर्षं झाली. ग्रुप मी सोडला, पण त्याने काय होतंय? अप्पा आता एक्याऐंशीचे आहेत. मी बोलावलं की अजूनही दुपारी येऊन स्टुलावर बसतात. पिक्चर शेवटपर्यंत बघतात. मी विचारते, अप्पा, हे काय दाखवलंय हो?

"तूच सांग," ते म्हणतात. "तुका बरां सांगूक येता."

टोमणा नसतो तो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलंय, अनेकदा. त्यांना खरंच तसं वाटतं. मग मला सुचेल ते मी सांगते, आणि ते मान डोलावून ऐकून घेतात.