पोह्यांऐवजी सुशीला

आज सकाळी भिजवलेल्या चुरमुऱ्यांना मिरचीची फोडणी दिली आणि त्या खमंग वासासरशी जुना राग उसळला. आमच्या सोलापूरच्या घरी ताईला बघायला पुण्याची मंडळी आली होती. आईनं हौसेनं दाण्याचं कूट घालून चुरमुऱ्यांची सुशीला केली होती. मुलाच्या आईनं बशी बाजूला सरकवली.

"चुरमुरे? पोहेसुद्धा परवडत नाहीत वाटतं!"

आई कसंनुसं हसली. ताई ताडकन उठली, पाहुण्यांच्या हातांतल्या बश्या काढून घेत म्हणाली, "आमी रोज हेच खातो. तुमी निघा आता."

ते गेल्यावर बाबा ताईवरच ओरडले. तेव्हा मला त्या बाईचा संताप आला होता. आज जास्त संताप बाबांचा येतो. आईचा अपमान झाला, तेव्हा ते मान खाली घालून सुशीला खात होते.