हजेरीचा कागद

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी मी मस्कतच्या चर्चमध्ये मोठा वेंधळेपणा केला... लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. अजूनही सगळं नीट कळलेलं नाही, पण लिहून टाकतो.

मी ओमानमध्ये दुक्मला असतो. रिफायनरीचं काम, कॅम्पवर राहणं. बायको रेश्मा बाळंतपणासाठी श्रीरामपूरला माहेरी गेली होती आणि मुलगी सातव्या महिन्यातच झाली... एक किलो शंभर ग्रॅम. जन्मल्यापासून ती नगरच्या हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत होती.

मला रजा मिळेना. शटडाऊन, म्हणजे प्लांट बंद ठेवून चाललेली दुरुस्ती, संपेपर्यंत कोणालाच सोडत नव्हते. रोज ऑफिसात विचारायचो, रोज उत्तर यायचं, इन्शाल्ला. तिकडे डॉक्टर म्हणायचे, देवाच्या हातात आहे. दोन्हीकडून देवाचंच नाव, आणि मला मात्र त्याच्याशी एक शब्द बोलता येत नव्हता.

माझे पप्पा आमच्या मंडळीत संडे स्कूल घ्यायचे. लहानपणी बायबलमधल्या वचनांच्या स्पर्धेत मी दरवर्षी बक्षीस आणायचो. पण आता प्रार्थनेला डोळे मिटले की ती पेटी दिसायची आणि मी डोळे उघडायचो. देवावर रागावलो होतो की त्याला घाबरलो होतो, तेही कळत नव्हतं.

अशात व्हिसाच्या मेडिकलसाठी मस्कतला यावं लागलं. गाडीवर माझा रूममेट इस्माईलभाई होता, राजापूरचा, कंपनीत ड्रायव्हर आहे. शुक्रवारी परतायचं होतं, पण जुम्म्याची नमाज पढूनच निघू म्हणाला. इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे आमची रविवारची उपासनाही शुक्रवारीच असते. गाडीत बसून काय करणार, जा तुझ्या चर्चला, असं म्हणून त्यानं मला गेटवर उतरवलंसुद्धा.

आवारात चार-पाच हॉल, प्रत्येकात वेगळी भाषा. हिंदी ऐकू आलं तिथे शिरलो. दाराशी टेबलावर एक कागद होता आणि दोरीला बांधलेलं पेन.

आता कॅम्पवर आम्ही दिवसभर सह्याच करत असतो... गेटवर, बसमध्ये, मेसमध्ये, सेफ्टी मीटिंगला. हात आपोआप पुढे गेला. नाव, एम्प्लॉयी नंबर, यायची वेळ. कागदावर वर काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही.

शेवटच्या बाकावर बसलो. गाणी झाली, संदेश झाला, माझं निम्मं लक्ष मोबाईलवर. मग पास्टरनी तोच कागद हातात घेतला, आजारी माणसांसाठी प्रार्थना करू या म्हणाले आणि एकेक नाव वाचू लागले. कोणाचा गुडघा, कोणाची शुगर... आणि मग, "ब्रदर विनय. चार हजार दो सौ अठारह. दस पच्चीस."

माझे कान गरम झाले. पण कोणी हसलं नाही, एकानंही नाही. पास्टरनी चष्म्यावरून बघितलं तसा मी उभा राहिलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "भाई, तकलीफ क्या है?"

चुकून लिहिलं, एवढंच सांगून मी खाली बसणार होतो. तोंडातून निघालं, "मेरी बेटी है..."

अकरा दिवसांत मी तिला पहिल्यांदा मुलगी म्हटलं होतं. तोवर नुसतं 'बाळ' म्हणायचो, ऑफिसात तर 'पेशंट'. भर सभेत मी ढसाढसा रडलो.

आजूबाजूची माणसं उठून आली. खांद्यावर, पाठीवर हात... कोणाचे ते मी पाहिलं नाही. मागच्या एका बाईंनी प्रार्थनेसाठी मुलीचं नाव विचारलं.

नाव नव्हतं. हॉस्पिटलच्या फाईलवर 'बेबी ऑफ रेश्मा' होतं. घरी आली की ठेवू, असं मीच रेश्माला बजावलं होतं. खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं... नाव ठेवलं आणि ती गेली, तर ते नाव आयुष्यभर माझ्यापाशी राहील, याची भीती. त्या बाईंनी बिननावाच्या मुलीसाठी प्रार्थना केली.

परतीच्या वाटेवर चर्चमध्ये काय झालं ते मी इस्माईलभाईला सांगितलं. तो म्हणाला, "मी पण दुवा मागितली रे. तिचा नाव म्हायत नव्हता, म्हणून विनयची पोर इतकाच बोललो."

मी त्याला गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला उभा राहून रेश्माला फोन केला. म्हटलं, नाव ठरवू या, आजच.

ती म्हणाली, "रूथ. पहिल्या दिवसापासून मी तिला रूथच म्हणते. पेटीच्या भोकातून हात घालते आणि हाक मारते... तुम्ही घाबराल म्हणून सांगितलं नाही."

त्यानंतर सगळं चांगलंच झालं, असं नाही. मधे दोन दिवस पुन्हा ऑक्सिजन लावावा लागला. आज ती एक किलो चारशे आहे आणि अजून पेटीतच आहे. माझी रजा पुढच्या आठवड्यात मंजूर होईल म्हणतात. प्रार्थनेनं नक्की काय होतं, हे मला विचाराल तर मी गोंधळूनच जाईन... पण आता डोळे मिटले तरी मिटलेले राहतात.

काल कॅम्पच्या गेटवर नेहमीसारखी सही केली. नाव, नंबर, वेळ. आणि शेवटच्या रिकाम्या रकान्यात हातानं आपोआप 'रूथ' लिहिलं. वॉचमननं विचारलं, ये कौन है?

म्हटलं, "मेरी बेटी है. अभी घर आना बाकी है."

त्यानं न खोडता कागद उलटला. त्याला, इस्माईलभाईला आणि माझ्या नंबरासकट माझ्यासाठी प्रार्थना करणाऱ्या त्या अनोळखी माणसांना... सलाम.