हणमंतरावांचं ‘परसों’

काचीगुड्याला आमच्या गल्लीत हणमंतराव राहतात, स्टेशनवर पार्सल कारकून. पूर्वी इतके पीत, की एकदा स्वतःचेच जोडे पार्सलात बांधून परभणीला रवाना केले आणि अनवाणी घरी आले. पावती मात्र व्यवस्थित फाडली होती! ही गोष्ट गल्लीभर मीच पसरवली. त्यांना राग नाही आला. कुणी विचारलंच, "जोडे मिळाले का हो?" तर म्हणत, "मालकाची ओळख पटली नाही."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी पिणं सोडलं आणि दुसऱ्यांचं सोडवायच्या मागं लागले. हापिसातून सुटल्यावर कुणाचे पाय शिंदीच्या दुकानाकडं वळतात, हे त्यांना माझ्याआधी कळायचं. म्हणजे बघा! दिवेलागणीला त्यांच्या ओट्यावर असे चार-पाच जण जमत. त्यांच्या घरच्या भामावहिनी चिंचेचं जाळ सार देत. शपथ कुणालाच घालायची नाही. ज्याला राहवेना, त्यानं यांच्याकडं यायचं, आणि हे म्हणणार, "पी की. पण आज नक्को. परसों." आता हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे. वीस वर्षांपूर्वीचं ते परसों, अन् कधीच उजाडणार नाही तेही परसों. सगळे हसत, सार पीत, घरी जात.

घोटाळा झाला ओट्यावर नव्यानं येणाऱ्या एकनाथरावांचा. गल्लीतल्या सावित्रीबाईंचे हे घरजावई मूळ सोलापूरचे, घड्याळं दुरुस्त करणारे. श्रावणात कावीळ होऊन जेमतेम वाचले होते. हकिमांनी साफ सांगितलं होतं, "पुन्हा एक प्याला गेला, तर मला बोलावू नका."

तो शुक्रवार होता. हिंदुस्थानची फौज संस्थानची हद्द ओलांडून आली, त्याला पाचवा दिवस. गाड्या बंद, बाजार बंद. दुपारी सावित्रीबाई धापा टाकत हणमंतरावांच्या दारात आल्या. मी तिथंच होतो, नेहमीसारखा.

"जावई गेले! मला म्हणाले, 'बुधवारी हणमंतरावांनी परसों सांगितलं. आज परसों. मी वाट बघितली, आता जातो शिंदीला.'"

हणमंतराव पांढरेफटक पडले. "अरे देवा, त्यानं दिवस मोजले!"

"रस्त्यावर कुत्रं नाही, तुम्ही कुठं निघालात?" भामावहिनी आडव्या आल्या.

"पाठवलं मीच की त्याला!"

मी मागोमाग निघालो. मदतीला नव्हे, खरं सांगतो, बघायला. सुलतानबाजार ओलांडेपर्यंत माझी हौस फिटली. बंदुकवाल्यांनी भरलेली एक लॉरी समोरून आली. आम्ही एका बंद दुकानाच्या फळीला चिकटून उभे राहिलो. लॉरी थांबली. एकानं आमच्याकडं टक लावून पाहिलं, पचकन पान थुंकलं, आणि लॉरी पुढं गेली. मी फळी सोडेना. हणमंतराव निम्मी गल्ली पुढं गेले होते.

अफझलगंजच्या अलीकडं शिंदीचं दुकान. पुढून बंद, मागून उघडं. आत एकटे एकनाथराव, समोर भरलेलं मडकं. तोंड अजून लावलेलं नव्हतं. फेस बसायची वाट बघत होते.

"एकनाथ, नको."

"का? दोन दिवस म्हणालात, दोन दिवस काढले. मी दिलेला वेळ पाळतो."

"अरे, इथलं परसों तसलं नसतं."

"मग कसलं असतं?"

हणमंतराव दुकानदाराकडं वळले. "गौडसाब, आपकी शादी कब हुई?"

तोंडात दात नसलेला म्हातारा लाजला. "परसोंइच हुई ना साब! मूसी को तुगयानी आई थी, उसके बाद."

तुगयानी म्हणजे मुसीचा तो मोठा पूर, चाळीस वर्षांपूर्वीचा. मला हसू फुटलं. एकनाथराव नाही हसले.

"म्हणजे तुम्ही फसवलंत मला."

"होय."

"रोज सगळ्यांना फसवता."

"मलाही. सकाळी उठलो की आधी मलाच."

एकनाथरावांनी मडकं उचललं. पार ओठांपर्यंत नेलं. हणमंतरावांनी हिसकावून घेतलं नाही. ते मटकन समोरच्या बाकावर बसले. तेव्हा मी पाहिलं, त्यांनी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता आणि नजर मडक्यावरून हलत नव्हती. दोन वर्षांनी आंबट वास नाकात गेला होता.

"एकनाथ," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुझं तू बघ. पण मला आधी इथनं बाहेर काढ. मला एकट्याला उठता यायचं नाही."

मला वाटलं, ही नवी युक्ती. कान जवळ नेला, तर दात वाजत होते.

 एकनाथरावांनी मडकं खाली ठेवलं, हणमंतरावांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं.

  परतेपर्यंत संध्याकाळ झाली. कुणाच्या तरी रेडिओवर लढाई थांबल्याचं सांगत होते, लोक दारांत येऊन एकमेकांना विचारत होते. हे दोघं हात न सोडता त्यांच्यातून चालत राहिले.

गल्लीच्या तोंडाशी सावित्रीबाई. त्यांनी आधी जावयाचं तोंड हुंगलं, मग रडायला लागल्या. "घेऊन आले हो तुम्हाला!"

"मी कुठं गेलो होतो?" एकनाथराव म्हणाले. "बाजूला व्हा, यांना घरी पोचवायचंय."